पीटीओ शाफ्ट निघत नसेल तर त्याला कोणी धरलंय ते शोधा

मे महिना आला की शेडमधले रोटाव्हेटर बाहेर निघतात आणि गावोगावच्या गॅरेजांपुढे घणाचे आवाज सुरू होतात. पावसाळाभर उघड्यावर पडून राहिलेला, जुनं ग्रीस वाळून खडा झालेला पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद अवजाराला पोचवणारा फिरता दांडा, ट्रॅक्टरवरून सुटत नाही. मग एक जण तो धरतो आणि दुसरा ठोकतो. ठोकून तो निघतोही बऱ्याचदा. पण त्या ठोकण्यात आत काय दुखावलं, हे ऐन पेरणीच्या घाईत कळतं. ट्रॅक्टरच्या मागच्या सीलमधून तेल गळायला लागतं, नाहीतर नवा घातलेला क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) एका हंगामात खुळखुळा होतो.

हे सगळं टाळता येतं. दातेरी शाफ्ट मुळात बिनठोक निघावा अशाच बेताने बनवलेला असतो. तो निघत नसेल तर कुठलीतरी गोष्ट अजून त्याला धरून आहे. ती गंज असेल, माती असेल, अर्धवट सोडलेला बोल्ट असेल किंवा शाफ्टमध्ये अडकलेला पीळ असेल. ती नेमकी कोणती हे शोधणं हेच खोलण्याचं खरं काम आहे. ताकदीचा भाग फार थोडा.

दाते कशासाठी असतात

ट्रॅक्टरच्या मागे जे दातेरी टोक बाहेर आलेलं असतं, ते आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर १ ३/८ इंच, म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर व्यासाचं आणि ६ दात्यांचं असतं. ते मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी. १००० फेऱ्यांचा पीटीओ असेल तर त्याच व्यासावर २१ बारीक दाते येतात. ही मापं आयएसओ ५०० या मानकाने जगभर ठरवून दिलेली आहेत. म्हणूनच एका कंपनीचा ब्लोअर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला निमूट बसतो, आणि म्हणूनच १००० फेऱ्यांच्या टोकावर ५४० फेऱ्यांचं अवजार चुकूनही चढत नाही.

आता भार किती येतो ते पाहा. पीटीओवर ४० एचपी मिळत असतील आणि तो ५४० फेऱ्यांनी फिरत असेल, तर शाफ्टला सुमारे ५३० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ५४ किलोचं पोतं टांगलं तर जेवढा पीळ बसेल तेवढा. आणि हा झाला सुरळीत चालतानाचा हिशेब. रोटाव्हेटरच्या पात्याखाली दगड आला की तेवढ्या क्षणापुरता तो कितीतरी वाढतो. साधी चावी (खाचेत बसवायची लोखंडी पट्टी) ठोकलेला शाफ्ट असता तर हा सगळा भार त्या एका चावीच्या एका कडेवर आला असता. इथे तो सहा दात्यांवर वाटला जातो.

दात्यांचा दुसरा उपयोग आपल्या कामाचा आहे. दाते फिरण्याच्या दिशेने घट्ट धरतात, पण लांबीच्या दिशेने मोकळे असतात. अवजार वर उचललं, खाली टेकवलं, बांधावर वळण घेतलं की ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यातलं अंतर बदलतं. तेव्हा शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकून लांबी जुळवून घेतात. हे मधलं सरकणं काही शाफ्टांत दातेरी दांडा आणि दातेरी बाही यांनी होतं, काहींत चौकोनी किंवा त्रिकोणी नळ्यांनी. दोन्हींत तत्त्व एकच. लांबीच्या दिशेने मोकळं असणं हा त्यांचा मूळ गुण आहे आणि खोलताना आपल्याला तोच गुण परत मिळवायचा असतो.

ट्रॅक्टर आधी पूर्ण बंद करा

५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. पस्तीस मिलिमीटरच्या दांड्याभोवती एका फेरीत ११ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक मीटर. धोतराचा सोगा, कमरेला बांधलेला पंचा, ओढणी, साडीचा पदर यांतलं काहीही एकदा दात्यांत अडकलं की माणसाला ‘बंद कर’ असं ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फक्त धूळ अडवण्यासाठी दिलेलं नसतं. ‘ग्रीस मारायला अडचण होते’ म्हणून ते काढून शेडच्या कोपऱ्यात टाकलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, आणि दर वेळी जीव धसकतो. कृपा करून ते परत लावा.

खोलायला बसण्याआधी पीटीओचा लिव्हर बंद स्थितीत, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. चावी ट्रॅक्टरला लटकत ठेवू नका, ती खोलणाऱ्याच्या खिशात हवी. याचं कारण साधं आहे. तुम्ही मागे वाकलेले असता, शाफ्ट जरा वाकडा बसलेला असतो आणि मदतीला आलेला पोरगा म्हणतो, ‘थांबा काका, लिफ्ट जरा उचलून देतो.’ चांगल्या मनाने मारलेला तो एक स्टार्टर पुरेसा असतो.

अवजार जमिनीवर टेकवा. हायड्रॉलिकवर उचलून धरलेल्या रोटाव्हेटरखाली किंवा मागे हात घालू नका. लिव्हरला धक्का लागला किंवा एखादं सील सुटलं तरी तो खाली येतो. वर ठेवणं भागच असेल तर खाली भक्कम लाकडी ओंडके किंवा स्टँड द्या आणि वजन त्यांच्यावर घ्या.

यानंतरची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. रोटाव्हेटर दगड, तार किंवा उसाचं खोडकं अडकून बंद पडला असेल, तर इंजिन थांबलं तरी शाफ्टमध्ये पीळ शिल्लक राहू शकतो. दाते एकमेकांवर कचकचून दाबलेले असतात आणि खटका दाबला तरी योक (शाफ्टच्या टोकाचा दोन कानांचा जोड) जागचा हलत नाही. अशा वेळी ठोकलं आणि तो सुटलाच, तर पीळ एकदम उलगडतो आणि योक हातावर फटका मारतो. म्हणून आधी शाफ्ट हाताने इकडेतिकडे हलवून बघा. दात्यांत किंचित सैलपणा जाणवला तर पीळ नाही. अजिबात हलत नसेल तर आधी अडकलेली तार किंवा दगड काढा आणि पात्यांचा रोटर लांब पहारीने थोडा उलट फिरवा. त्यात पाती झटक्याने फिरू शकतात, म्हणून उभं राहायचं ते बाजूला. काही ट्रॅक्टरांना पीटीओ ब्रेक असतो. तिथे शाफ्ट हाताने फिरणार नाही, पण दात्यांमधला तेवढा सैलपणा तिथेही कळतो.

काढण्याआधी खूण

दोन मिनिटांचं काम आहे, पण जोडताना ते अर्धा दिवस वाचवतं. शाफ्टच्या दोन्ही भागांवर, एका रेषेत येतील असे रंगाचे पट्टे ओढा. ट्रॅक्टरकडचं टोक कोणतं ते लिहा. रंग डिझेलने धुऊन जातो, त्यामुळे शक्य असेल तर पंचने बारीक टिंबही मारा. टिंब मारायचं ते योकच्या जाड अंगावर, दात्यांवर किंवा नळीवर नाही. मोबाइलने फोटो काढा. या खुणांचं महत्त्व पुढे जोडणीत येईल.

ट्रॅक्टरकडचं टोक

आवरणाची साखळी सोडा. योकच्या मानेवर एकतर दाबायचा खटका असतो, किंवा मागे ओढायची कडी, किंवा आरपार जाणारा बोल्ट. पीटीओच्या टोकावर दात्यांना आडवी जाणारी एक गोल खाच असते. खटक्याची पिन किंवा तो बोल्ट त्या खाचेत बसलेला असतो आणि त्यामुळेच योक मागे सरकून निसटत नाही.

बोल्टच्या योकशी झगडताना एक चूक फार वेळा होते. नट सैल केला की बोल्टचं काम संपलं असं वाटतं. पण तो बोल्ट फक्त आवळण्यासाठी नसतो, तो त्या खाचेतून आडवा गेलेला असतो. सैल झाला तरी जागेवर आहे तोवर योक बाहेर येणारच नाही. मग घण चालतो, बोल्ट वाकतो, खाचेची कड मुडपते आणि पुढे खरोखरच काही निघत नाही. बोल्ट पूर्ण बाहेर काढून हातात घ्या, मगच योक ओढा.

खटक्याच्या योकमध्ये अडथळा बहुधा मातीचा असतो. पिनच्या भोकात चिखल वाळून बसतो आणि पिन अर्धीच आत जाते. बाहेरून ती पूर्ण दाबली गेल्यासारखी दिसते. तारेच्या ब्रशने भोक आणि दाते साफ करा, गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि थांबा. हे थांबणं कामाचाच भाग आहे. तेल दात्यांच्या फटीतून आत झिरपायला वेळ लागतो, हट्टी गंजाला तर रात्रभर द्यावी. नंतर योक आधी आत ढकला, मग बाहेर ओढा, पुन्हा आत. प्रत्येक हालचालीने गंजाचा चुरा थोडा सैल होतो आणि तेल आणखी आत जातं. एका हाताने शाफ्टचं वजन खालून पेला किंवा दोरीने वर बांधून ठेवा. शाफ्ट लोंबत असला तर दाते तिरके अडकतात आणि चांगला मोकळा योकही गंजल्यासारखा वाटतो.

तरीही हलला नाही तर पुलर लावा. दोन किंवा तीन पायांचा पुलर सगळीकडून सारखा ओढतो आणि मधल्या स्क्रूने हळूहळू जोर वाढवता येतो. पुलरचा ताण देऊन ठेवायचा, योकच्या बाजूवर लाकडी किंवा पितळी हातोड्याने हलके टिचवायचं, पुन्हा अर्धा आटा ताण. सुटताना तो झटकन सुटतो, म्हणून शाफ्टच्या रेषेत समोर कोणी उभं राहू नये आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

लोखंडी घण इथे वर्ज्य का, तेही सांगायला हवं. ज्या टोकावर योक बसलाय ते टोक ट्रॅक्टरच्या आत बेअरिंगवर तोललेलं असतं. लांबीच्या दिशेने बसलेला घाव थेट त्या बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि गोळ्या आपल्या वाटेत बारीक खड्डे पाडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. काही दिवसांनी पीटीओ लावला की घरघर ऐकू येते, आणि मग मागची पेटी उघडावी लागते. शिवाय घाव दात्यावर बसला तर दात्याचं टोक पसरतं, आणि पसरलेल्या दात्यावर कुठलाही योक चढत नाही.

गॅस पेटवून योक गरम करणं तर पूर्णपणे टाळा. दात्यांचा आणि क्रॉसचा वरचा थर मुद्दाम कडक केलेला असतो. धातूवर निळसर रंग चढला म्हणजे तो ३०० अंशांच्या आसपास तापला, आणि तोवर तो कडकपणा उतरायला लागलेला असतो. असा दाता पुढे लवकर झिजतो. दुसरा धोका तातडीचा आहे. शाफ्टच्या नळीत किंवा क्रॉसच्या पोटात ग्रीस आणि हवा कोंडलेली असते. बंद जागेतली ती वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि क्रॉसच्या टोकावरचा बेअरिंगचा कप गोळीसारखा उडू शकतो.

दोन भाग वेगळे करताना

शाफ्ट जमिनीवर आला की आवरण काढा आणि दोन्ही भाग सरळ रेषेत ठेवून ओढा. नुकतंच भरपूर ग्रीस भरलेला शाफ्ट कधीकधी थोडा बाहेर येतो आणि मग मागे खेचल्यासारखा अडतो. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या ओढला तर तो जसा परत आत जातो, तसंच हे आहे. आत पोकळी तयार होते आणि ग्रीस हवेला वाट देत नाही. इथे झटका मारू नका. सतत एकसारखा ताण देत किंचित वळवत राहा, हवा आत शिरली की भाग आपोआप सुटतात.

बाहेर येता येता एका ठरावीक जागीच अडत असेल तर मात्र शंका घ्या. दातेरी दांड्यावर सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरून बघा. मोठ्या झटक्याने दांड्याला पीळ पडलेला असेल तर दाते सरळ न जाता मळसूत्रासारखे वळलेले दिसतील. असा दांडा सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो.

क्रॉस काढणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम. आधी ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढून घ्या, नाहीतर क्रॉस सरकताना तो योकच्या कानाला आपटून तुटतो. मग सर्क्लिप, म्हणजे कपाला जागेवर धरणारी स्प्रिंगसारखी कडी. ती गंजाने चिकटलेली असते, शिवाय आतला कप तिला आतून दाबत असतो. कपावर पितळी तुकडा ठेवून एकच हलका ठोका द्या, कप केसभर आत जातो आणि सर्क्लिप मोकळी होते. ती सर्क्लिप पकडीनेच काढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलेली सर्क्लिप डोळ्याकडेच झेपावते असं समजून चष्मा लावा. पुढे व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा मोठा सॉकेट, दुसऱ्या बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट ठेवून हळूहळू आवळा. लहान सॉकेट कपाला ढकलतो आणि समोरचा कप मोठ्या सॉकेटच्या पोकळीत बाहेर येतो. योकचे कान वाकत नाहीत. कपातल्या बेअरिंगच्या सुया सांडतात, म्हणून खाली स्वच्छ फडकं अंथरा आणि एका कपाच्या सुया दुसऱ्यात मिसळू नका.

झटका सोसणारा क्लच असलेल्या शाफ्टबद्दल एवढंच सांगतो की, त्याच्या स्प्रिंगा ताणात असतात. प्रत्येक स्प्रिंगची दबलेली लांबी मोजून लिहून ठेवल्याशिवाय एकही नट सोडू नका, आणि सोडताना सगळे नट आळीपाळीने थोडे थोडे सोडा.

धुतल्यावर काय बघायचं

धुवायला डिझेल किंवा रॉकेल वापरा, पेट्रोल नको, आणि जवळपास बिडी पेटलेली नको. स्वच्छ दात्याच्या कडेवरून नख फिरवा. गुळगुळीत चमक असेल तर ठीक. नख एखाद्या पायरीवर अडकलं तर तिथे दाता खाल्ला गेला आहे. तांबूस-तपकिरी बारीक भुकटी दिसली तर ती पावसाच्या पाण्याचीच असेल असं नाही. कोरडे दाते एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहिले की पोलादाचा असाच चुरा पडतो. ही झीज ग्रीस न मिळाल्याची आहे.

तडा शोधायला गॅरेजमधली जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. दात्यांच्या मुळाशी रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड किंवा सुक्या चुन्याचा हात फिरवा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. त्या रेघेवर वेल्डिंग करून काम भागवू नका. वेल्डिंगशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि ५४० फेऱ्यांवर तुटलेला शाफ्ट कुठे जाईल हे सांगता येत नाही. सैल दात्यांत पत्र्याची पट्टी घालणंही तसंच घातक.

जोडताना खुणा का लागतात

क्रॉसचा सांधा वाकडा चालला की बाहेर जाणारा वेग एकसारखा राहत नाही. सांध्याचा कोन ३० अंश असेल तर आत ५४० फेरे सारखे येत असूनही बाहेरचा वेग एका फेरीत दोनदा ६२४ पर्यंत चढतो आणि दोनदा ४६८ पर्यंत उतरतो. शाफ्टला दोन सांधे असतात. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असतील आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असतील, तर पहिल्याने केलेली चढउतार दुसरा पुसून टाकतो. योक चुकीच्या पातळीत बसले तर पुसण्याऐवजी भर पडते. ते एकमेकांशी काटकोनात बसले तर तोच वेग ७२० ते ४०५ असा हेलकावे खातो. हा धक्का क्रॉस, सील आणि गिअर बॉक्स सोसत राहतात आणि आपण म्हणतो, हल्ली क्रॉस चांगले येत नाहीत.

मधला सरकता भाग ६ दात्यांचा असेल तर तो सहा प्रकारे आत जातो आणि त्यांतले दोनच प्रकार बरोबर असतात. चौकोनी नळी चार प्रकारे जाते, त्यांतलेही दोनच बरोबर. म्हणून सुरुवातीचे रंगाचे पट्टे. ते पुसले गेले असतील तर शाफ्ट सपाट जमिनीवर ठेवून डोळा लावून बघा. दोन्ही टोकांच्या योकचे कान एकाच रेषेत दिसले पाहिजेत.

दात्यांना ग्रीसचा पातळ थर पुरे. बाहीच्या तळात गोळा भरला तर अवजार उचलताना शाफ्ट आत सरकू शकत नाही आणि सगळा रेटा गिअर बॉक्सच्या बेअरिंगवर जातो. क्रॉसमध्ये मात्र चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. काम चालू असताना दोन्ही भाग निदान एकतृतीयांश लांबी एकमेकांत असावेत, आणि शाफ्ट सगळ्यात आखूड होईल त्या स्थितीतही पूर्ण टेकू नयेत. ट्रॅक्टर बदलला तर हे माप पुन्हा घ्या. द्राक्षबागेत एकच ब्लोअर दोन ट्रॅक्टरांवर फिरवणाऱ्यांनी तर नक्कीच.

योक चढवताना खटका ‘टक’ असा बसला तरी त्यावर विसंबू नका, दोन्ही हातांनी मागे ओढून बघा. आवरण आणि साखळी लावा. मग सगळ्यांना लांब उभं करून कमी वेगावर पीटीओ सुरू करा आणि वेग हळूहळू वाढवा. अर्धा तास काम झाल्यावर पीटीओ आणि इंजिन बंद करा, चावी काढा, शाफ्ट थांबला हे बघा आणि क्रॉसच्या चारही कपांना हात लावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर त्या एका कपात ग्रीस पोचलेलं नाही. तेवढा एक पुन्हा उघडा.